चकचकीत चंबू

कझानच्या एका रसायन प्रयोगशाळेत सारिया आपांनी बत्तीस वर्षं काचभांडी घासली. पाहुणे येणार म्हटलं की घरची किटलीसुद्धा आरशासारखी करणारी बाई! मॉस्कोहून समिती येणार हे कळताच त्यांनी प्रोफेसर ग्लेब अर्कादिचांचा जुना चंबू घासायला घेतला आणि तळाचा काळा डाग खरवडून काढला. त्याच चंबूत प्रोफेसरांचं अमिनोफॉस्फॉनिक आम्ल हमखास तयार व्हायचं, तेही उत्प्रेरकाशिवाय, असं ते अभिमानानं सांगत. समितीला ते पटलं नाही, तर प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं.

समितीसमोर सहा तास चंबू तापला. आम्लाचा कणही मिळाला नाही.

पाहुणे गेल्यावर प्रोफेसरांनी चंबू उजेडात धरला. "आपा, इथला डाग कुठे गेला?"

"अहो, चारचौघांत लाज आणली असती मेल्यानं! काढला एकदाचा."

ते खुर्चीत बसले. "जुन्या प्रयोगांतला धातू चिकटला होता तो. तोच उत्प्रेरक होता, आपा. मलाही आत्ता कळतंय."

आता ते ओरडतील म्हणून आपा मान खाली घालून उभ्या राहिल्या. ते एवढंच म्हणाले, "चमकतोय मात्र छान."

टाळं लागलं. आपांकडे पाहुणे अजून येतात. चहा काळ्याकुट्ट किटलीतून मिळतो.