मक्याच्या कोठीचा खांब

आम्ही नवराबायको कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर बसून इमारतींच्या भाराची गणितं करायचो. माझं ते तपासायचे, त्यांचं मी. ते गेल्यावरही मी ऑफिस चालू ठेवलं. सकाळी गणित करायचं, कागद पालथा घालायचा आणि जेवून आल्यावर त्यांच्या खुर्चीत बसून तेच पुन्हा तपासायचं. चूक सापडली की मी मोठ्यानं म्हणायचे, "हे काय केलंयस?" उत्तर कोण देणार?

गेल्या हिवाळ्यात गडहिंग्लजजवळच्या एका पशुखाद्य कारखान्याच्या मालकांचा फोन आला. "ताई, मक्याच्या कोठीचा एक खांब वाकल्यागत दिसतोय. येऊन बघता काय?"

कोठी म्हणजे पत्र्याची उंच गोल टाकी. पत्र्याला बाहेरून उभे लोखंडी खांब बोल्टनं आवळलेले. आत काठोकाठ मका. मी वरून ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, सोडायला लावला. वर खांब दोरीला धरून होता. खाली, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, चांगला बोटभर बाहेर फुगला होता.

मालक म्हणाले, "पण खांबाच्या डोक्यावर काय बी न्हाय की! नुसतं हलकं छप्पर हाय."

"डोक्यावरून नाही आलेला हा भार," मी म्हटलं. "आतला मका खाली बसताना पत्र्याला घासतो. जागोजागी थोडं थोडं वजन पत्र्यावर येतं, पत्रा ते खांबाला देतो. वर काही जाणवत नाही. खाली येईतो सगळं साठतं."

"मग रिकामी करतो की. ए, खालचं दार उघड रं!"

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले, की दाराकडे निघालेला माणूस जागीच थबकला.

खालून मका सोडला की आतला सगळा ढीग सरकायला लागतो, घासणं वाढतं आणि वाकलेल्या खांबावर आणखी भार येतो. किती, ते काढायला हवं होतं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मी आकडेमोड केली. जेमतेम. सोसेलही, नाहीही. सवयीनं मी कागद शेजारी सरकवला. तिथं मालक उभे होते. "मला काय कळतंय त्यातलं, ताई?" ते ओशाळून म्हणाले. मी कागद परत ओढून घेतला.

मग एकटीनंच ठरवलं. "मका वरून काढायचा. आत कुणी उतरायचं नाही, कोठीभोवती कुणी फिरकायचं नाही."

"वरनं? लई वेळ जाईल, ताई!"

"जाऊ दे."

त्यांनी जरा कुरकुर केली, पण मुरगूडच्या एका व्यापाऱ्याकडून धान्य ओढायचं मशीन मागवलं. क्रेननं पाइप छपराच्या झडपेतून आत सोडला. मी लांबवर खुर्ची टाकून ओळंब्याच्या दोरीकडे बघत बसले. दुपारी मालकांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. मी जेवेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या.

"एकट्याच आलाय व्हय? संगं कोण न्हाय?"

"न्हाय," मी त्यांच्यासारखंच म्हटलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी कोठी निम्म्याहून रिकामी झाली आणि खांब हळूहळू दोरीकडे परतला. मालक आनंदानं टाळी वाजवून म्हणाले, "बसलं की हो ताई तुमचं गणित!" मलाही हसू आलं.

कोल्हापूरकडे परतताना मात्र ते 'जेमतेम' डोक्यातून जाईना. खालचं दार उघडलं असतं, तर खांब खरंच मोडला असता का? की मी उगाच भ्याले? ते असते तर नक्की म्हणाले असते, "टिकला असता गं, तू नेहमीच जास्त धरतेस." मग आम्ही उचगावपर्यंत भांडलो असतो. त्यांची बाजू मी मनातल्या मनात मांडून पाहिली. पण ती माझ्याच बाजूसारखी वाटायला लागली, म्हणून सोडून दिली.

पुढं त्या खांबांना जाड पट्ट्या जोडल्या, कोठी पुन्हा भरली. मालकांनी बघायला बोलावलं तेव्हा गेले. सगळे खांब ओळंब्यात होते. त्यांच्या पत्नींनी चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "काम नसलं तरी येत जावा." येते म्हटलं. अजून काही गेलेले नाही.