एकविसावं नाव

रशीदाबाई मुलाणी रोज जळोचीहून स्कूटी काढतात आणि इंदापूर तालुक्यातल्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत सव्वानऊला पोचतात. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली. त्या मुख्याध्यापिका आहेत, म्हणजे पहिली-दुसरी शिकवतात, पोषण आहाराचा तांदूळ उतरवून घेतात, नळाची तोटी गेली तर ग्रामपंचायतीत चार खेपा घालतात आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर माहिती भरतात. माहिती तीच, रकाने दर वेळी वेगळे. ‘परवाच तर पाठवली होती’ असं म्हणायचंही त्यांनी आता सोडून दिलंय. मी प्राची, त्यांची सहशिक्षिका. तिसरी-चौथी माझ्याकडे. शाळेत मोठी माणसं आम्ही दोघीच.

सप्टेंबर आमच्या जिवावर येतो. तीस तारखेचा पट धरला जातो. एकवीस मुलं भरली तर दोन शिक्षक, वीस भरली तर एक. ऊसतोडीची मुलं येतात दिवाळीनंतर. तेव्हा वर्गात पाय ठेवायला जागा नसते, पण त्या मुलांचा पट धरायला कोणाला सवड नसते. यंदा नेमकी एकवीस होती, म्हणून मी निवांत होते. तर बावीस तारखेला एका नावापुढं शेरा आला, आधार जुळत नाही. आधार जुळलं नाही की मूल पटावर नाही, मग ते समोर बसून कविता म्हणत का असेना!

ती पहिलीतली स्वराली. तिच्या आईनं, योगिनीनं, मोठ्या हौसेनं हे नाव ठेवलेलं. शाळेतही तेच घातलं. पण अंगणवाडीत आधारचा कॅम्प लागला तेव्हा योगिनी कांद्याच्या लागणीला गेली होती. पोरीला काखेत मारून तिची आजी, कौसल्यामावशी, गेली. नाव विचारल्यावर मावशींनी घरात हाक मारतात ते सांगून टाकलं, छकुली. जन्मदाखल्यात नावाचा रकाना कोराच, त्यामुळं कोणी अडवलंही नाही.

रशीदाबाई मावशींना मागे बसवून इंदापूरला जाऊन आल्या. आधी जन्मदाखल्यात नाव घालायचं, मग आधार बदलायचं, महिना तरी लागणार होता. आमच्या हातात आठवडा होता. बाई व्हरांड्यात येऊन नुसत्याच बसल्या. एवढं काय आभाळ कोसळलंय, ते मावशींना कळेना.

“बाई, आवो तुमच्या रजिस्टरातच छकुली लिवा की. आमी तर तेच म्हंतो.”

“मावशी, हितं लिवलं की शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच जातंय. उद्या कॉलेजात गेली तरी छकुलीच ऱ्हाईल.”

“मग ऱ्हाऊ द्या. नाव काय वंगाळ हाय व्हय?”

मी म्हणाले, “बाई, माझ्यासाठी हे करू नका.” म्हणाले खरी, पण त्यांनी ते करावं असंच मनातून वाटत होतं. माझं घर कोऱ्हाळे बुद्रुकला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बदली कुठं लांब झाली असती तर मला नोकरीच सोडावी लागली असती.

“तुझ्यासाठी कोण करतंय?” बाई खेकसल्या. “मी मीटिंगला गेले की चारी वर्गांना कुलूप लावू का?”

दुसऱ्या दिवशी योगिनीला बोलावलं. तिनं नाव बदलायच्या अर्जावर सही केली आणि एवढंच विचारलं, “पुढं बदलता येतंय न्हवं, बाई?”

“येतंय,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. किती खेपा, किती शपथपत्रं, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं, ‘स्वराली’वर तांबड्या शाईची रेघ मारली, वर ‘छकुली’ लिहिलं आणि बाजूला सही केली. तीस तारखेला पट एकवीस लागला. माझी जागा राहिली. मी घरी जाताना पेढे घेतले, याची आता लाज वाटते.

एक ऑक्टोबरला नव्या महिन्याचं हजेरीपत्रक सुरू झालं. बाई पहिलीची नावं घेत होत्या. मी काही कामानं दारात उभी होते.

“छकुली.”

कोणी ओ दिली नाही. बाईंनी परत हाक मारली. स्वरालीनं मागं वळून बघितलं, मग जागेवरून उठली.

“बाई, छकुली घरी असती. हितं मी स्वराली हाय.”

जून महिन्यात याच बाईंनी तिला पहिल्या दिवशी तसं शिकवलं होतं. “व्हय बाळ, बस,” म्हणत बाईंनी छकुलीपुढं हजेरी मांडली. मी माझ्या वर्गात गेले. तिसरीची मुलं उभी राहिली, ‘नमस्ते बाई’ म्हणाली, आणि त्या पोरीच्या नावावर टिकलेल्या माझ्या खुर्चीत मला त्या दिवशी बसवेना.