लँडिंगचा रकाना

मी जर्मनीला निघाले त्या दुपारी ओझरच्या घरासमोर गाडी उभी होती. बाबा एकेक बॅग काट्याला लटकवून वजन बघत होते. मी हातातल्या यादीवर खुणा करत होते: पासपोर्ट, कुकर, लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर. नवरा आधीच पुढे गेला होता. धाकटी बहीण मंजू मात्र हजर नव्हती, ती कुठेतरी विमान उडवत होती. बाबा म्हणाले, "पोचलीस की कळव." मी तेही यादीत लिहिलं, सर्वांत खाली. गाडी सुरू झाली आणि बाबांचा फोन वाजला. मंजू उतरली होती. मी हात हलवला तेव्हा त्यांची पाठ होती.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. माझ्या मनात ती पाठ अजून तशीच आहे.

बाबा विमानाच्या कारखान्यात होते. चाचणीसाठी विमान वर गेलं की उड्डाणाची वेळ ते वहीत लिहीत. शेजारचा लँडिंगचा रकाना भरेपर्यंत ते पाळी सोडत नसत, मग आईचा स्वयंपाक दोनदा गरम करावा लागला तरी चालेल. अशा घरात दोन्ही मुलींना वैमानिक व्हावंसं वाटलं तर नवल नव्हतं. पण दोघींना शिकवणं शक्य नव्हतं. बाबांनी मलाच सांगितलं, "तू कागदावर मांड, कोणाला पाठवायचं." मी दोन रकाने आखले. मंजूची नजर, मंजूचं न घाबरणं, माझं चक्रीवर बसलं की ओकणं. सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. कागद मंजूच्या बाजूने निघाला. बाबा खूश होऊन म्हणाले, "तुझं डोकं जमिनीवर चांगलं चालतं." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं होतं.

आज ते डोकं फ्रँकफुर्टजवळ एश्बॉर्नच्या एका ऑफिसात चालतं. आमची लहानशी कंपनी विमानं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवते. पूर्वेला युद्ध सुरू झाल्यापासून त्यात दुरुस्त केलेली जुनी लष्करी मालवाहू विमानंही असतात. लष्कराचे वैमानिक पाठवले की राजकारण होतं. म्हणून आमचे साधे, बिगरलष्करी वैमानिक ती सीमेच्या अलीकडच्या एका धावपट्टीवर नेऊन सोडतात आणि हेडफोनची पिशवी घेऊन ट्रेनने परत येतात. परवाने, इंधन, हवामान, परतीचं तिकीट, सगळं मी बघते.

विमान कंपनीतली नोकरी गेल्यावर मंजू आमच्याकडे कंत्राटावर आली. मी शब्द टाकला नव्हता. बॉसने तिचे उड्डाणाचे तास पाहिले आणि लगेच होय म्हटलं. आता ती फेऱ्यांच्या मधले दिवस माझ्या सोफ्यावर काढते, माझं लोणचं संपवते. माझी मुलगी इरा माझ्याशी जर्मनमध्ये बोलते आणि मावशीशी मोडक्या का होईना, मराठीत. हे मी कोणाला बोलून दाखवलेलं नाही.

मागच्या महिन्यातली फेरी. निघण्याआधी मी मंजूला यादी वाचून दाखवली.

"ताई, तुझी यादी म्हणजे सासू आहे," ती म्हणाली. "शिंकायचं कधी, तेवढं लिहायचं राहिलं."

"बत्तीस नंबर वाच."

"उतरल्यावर ताईला फोन. लहान आहे का मी?"

बत्तीस नंबर थट्टेचा नव्हता. ती धावपट्टी लहान, तिथून आम्हाला आपोआप काही कळत नाही. वैमानिकाने फोन केला की मी उड्डाण बंद करते, म्हणजे विमान उतरल्याची नोंद करते. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास फोन आला नाही, तर शोध सुरू करायला कळवायचं. युद्धाच्या इतक्या जवळ एकदा शोध सुरू झाला की काय काय हलतं, ते मला माहीत आहे.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती उतरायला हवी होती. अडीच झाले. तिचा फोन बंद, सहवैमानिकाचाही बंद. शेजारच्या टेबलावरची उटे म्हणाली, "बरं, मी शोधपथकाचा नंबर काढून ठेवते." दोन पस्तीस. मंजू नसलेलं घर कसं असेल, असा विचार मी लहानपणी केला होता. तो सगळा आठवला.

दोन अडतीसला फोन वाजला. बाबा.

"मंजू उतरली गं. तिकडे सगळ्यांचे फोन काढून घेतात म्हणे. एकच कॉल करू दिला. तुला कळवायला सांगितलंय."

मी उटेला मान हलवून थांबवलं. मग बाबांना म्हणाले, "एकच कॉल होता, तर तो इथे करायचा. तसं लिहिलंय."

"तिला माझाच नंबर पाठ आहे. पहिल्यांदा एकटीने विमान उडवलं तेव्हापासून उतरली की मला सांगते. वहीत लिहितो ना मी."

"कसली वही?"

"कारखान्यातली सवय. तिची प्रत्येक फेरी आहे."

"असणारच," मी म्हणाले. आवाज कसा लागला ते मलाच ऐकू आलं.

पानं उलटल्याचा आवाज आला.

"तुझीही एक आहे. मुंबई ते फ्रँकफुर्ट. उड्डाण लिहिलंय. लँडिंग मोकळं आहे."

"अहो बाबा, सासूबाईंनी फोन केला होता की तुम्हाला त्याच दिवशी." तो मी सांगून करवला होता आणि यादीतल्या शेवटच्या ओळीवर खूण केली होती.

"केला होता ना विहीणबाईंनी. पण उडणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय रकाना भरत नाहीत. मी वाट बघितली. नंतर तू फोन करायचीस तेव्हा आन्मेल्डुंग का काय ती पत्त्याची नोंदणी, किंडरगार्टन, काय काय सांगायचीस. हे कसं विचारणार?"

निवृत्त होऊन वर्षं झाली तरी बाबांची एक पाळी सुटलेली नव्हती, आणि ती माझी होती. मंजूची पानंच्या पानं भरलेली असतील. मला अजूनही त्या पानांचा हेवा वाटतो. पण मोकळा रकाना तिच्याकडे एकही नाही. घर म्हणजे काय हे मला कोणी आता विचारलं, तर मी ओझर म्हणणार नाही आणि एश्बॉर्नही नाही. जिथे आपली वेळ लिहायची राहिली आहे ते, असं म्हणेन.

मी समोरच्या पडद्यावर मंजूचं उड्डाण बंद केलं.

"बाबा, मी पोचले."

"बरं," ते म्हणाले. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला. "किती वाजता लिहू?"