गिरणीमालकाचा जबडा

थोरामोठ्यांच्या पुतळ्यापुढे उभं राहून त्या थोरामोठ्यांना शिव्या घालाव्यात आणि पुतळ्याकडे मात्र डोळे भरून बघत राहावं, हे फक्त आमच्या वन्संनाच जमावं. माझ्या ह्या थोरल्या नणंदबाईंची अर्धी हयात सोलापुरात चित्रकला शिकवण्यात गेली आणि उरलेली रागावण्यात. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी अक्षतांच्या आधी त्या भिंतीवरच्या तसबिरी तपासून येत. एकदा अकलूजला साखरपुड्याच्या घरी एका इनामदाराचं तैलचित्र दिसलं. "हा तुमचा पणजोबा लुटारू होता," वन्संनी यजमानांना सुनावलं. यजमान ओशाळून चित्र उतरवायला गेले, तर त्यांच्यावरच खेकसल्या, "उतरवता कशाला? ते हात बघा! इतकी हावरट बोटं रंगवायला काय ताकद लागते, कळतं का?" साखरपुडा तेवढा वेळ खोळंबला.

पण त्यांचा खरा जीव होता तो बंद पडलेल्या गिरणीसमोरच्या मालकाच्या ब्राँझच्या पुतळ्यावर. ह्या मालकानं शहराला दवाखाना दिला, वाचनालय दिलं, आणि संपावर गेलेल्या कामगारांना कायमचं घरी बसवलं. त्यांत माझे सासरे होते. मग आईबरोबर विड्या वळून शाळकरी वन्संनी घर ओढलं. तरी मी लग्न होऊन आल्यापासून त्या मला दर रविवारी त्याच पुतळ्यापुढे उभं करत. "जबडा बघ गं. दानत आणि माज, दोन्ही एकाच जबड्यात बसवलंय. हे कसब!"

गेल्या वर्षी जयंतीच्या आधी उत्सव समितीनं पुतळ्याला सोनेरी ऑइलपेंट फासला. ते पाहून वन्सं रिक्षातून उतरता उतरताच ओरडल्या. समितीचा अध्यक्ष त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बाई, लई भारी दिसतंय की आता!" तो म्हणाला.

"भारी? तोंड कुठं गेलं त्याचं? लाडू गिळून बसल्यासारखा दिसतोय!"

"पण बाई, ह्याच मालकांनी तुमच्या वडलांना कामावरनं काढलं ना? मग तुमाला एवढं का लागतंय?"

"म्हणूनच!" वन्संचा आवाज चिरकला. "आमची चूल विझवणारा असला गुळगुळीत बाहुला नव्हता. माणूस मोठा होता आणि वाईट वागला. दोन्ही दिसायचं त्या तोंडावर. तुम्ही दोन्ही बुजवलंत!"

अध्यक्ष जाऊन शिडी आणि टर्पेंटाइन घेऊन आला आणि स्वतःच वर चढला. खालून वन्संचं दटावणं चालूच होतं, "घासू नको, नुसतं टिपून घे!" संध्याकाळपर्यंत चेहरा मोकळा झाला, कोट मात्र सोनेरीच राहिला. जबडा दिसू लागला तशा वन्सं पुतळ्याजवळ सरकल्या. मला म्हणाल्या, "नोकरी गेल्यावरसुद्धा आमचे अण्णा इथनं जाताना पायातल्या वहाणा काढायचे गं. मला इतका राग यायचा. आणि मी त्यांना कधी विचारलंच नाही, का म्हणून."

आता गुडघ्यांमुळे वन्संना जिना उतरवत नाही. बाजारातून येताना मीच तिथं थांबते. ऊन तिरपं झालं की मालकाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललंसं वाटतं. तो माज की पस्तावा, मला एकटीला ठरवता येत नाही, आणि रागावून सांगायला शेजारी कुणी नसतं.