कोळशाची इस्त्री

इस्त्री फिरवता फिरवता काका मध्येच थांबायचे, मान तिरकी करायचे आणि हळूच म्हणायचे, "ऐकायलो. बोल तू."

कोणाला, हे विचारायचं धाडस जिंतूरच्या आमच्या गल्लीत कोणी केलं नाही. काकूंना जाऊन बराच काळ लोटला होता.

काका गल्लीतल्या कपड्यांना कोळशाची इस्त्री करत. मी शेजारच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. थंडी पडली की ते दुकानाच्या फळ्या लावून आत काम करायचे. नेमकं त्याच दिवसांत त्यांचं डोकं ठणकायचं, मळमळायचं, उठलं की भोवळ यायची. कोणी पित्त म्हणे, कोणी बीपी, कोणी चष्म्याचा नंबर. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. शेजारणींनी लिंबू उतरवून टाकलं.

"तुमाला न्हाई कळायचं," काका म्हणायचे. "ती आली की असंच व्हतंय."

विद्यापीठाच्या नामांतरावरून बाजार बंद होता, त्या दुपारी मी डबा घेऊन मागच्या दाराने त्यांच्याकडे गेलो. काकांनी दार लावून घेतलं आणि तापलेली इस्त्री बाजूला ठेवली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जेवता जेवता माझं कपाळ आवळल्यासारखं झालं. मग फळीपलीकडे बांगड्या वाजल्या. सावकाश, कोणी भाकरी थापावी तशा.

"तुलाबी आलं न्हवं ऐकू?" काका म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मला उमासा आला. उठलो तर पाय लटपटले. कसंबसं दार ढकललं आणि काकांना ओढत अंगणात आणलं. मोकळ्या हवेत दोघंही हळूहळू भानावर आलो.

"दार बंद होतं का?" दवाखान्यात सगळं ऐकून डॉक्टरांनी आधी एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. "पेटत्या कोळशाचा वायू. त्याला वास नसतो. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, भास होतात. अजून बसला असतात तर उठला नसतात."

"पण दोघांना एकच भास?"

त्यांनी पुन्हा माझी नाडी बघितली.

काकांची मुलगी त्यांना राणीसावरगावला घेऊन गेली. उन्हाळ्यात मी भेटून आलो, ती शेवटची भेट. काका ओसरीवर वाऱ्याला बसले होते. अंगानं भरले होते.

"डोकं कसं आहे, काका?"

"अजाबात दुखत न्हाई." मग त्यांनी उघड्या दाराकडे बघितलं. "पण हितं लय शांत हाय रे."