टरफलांचा डबा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि तरसालीतलं भाड्याचं घर मला शिकलेली भाडेकरू म्हणूनच मिळालं. गुजराती घरमालकीणबाईंची अट एकच होती, घरात अंडं शिजवायचं नाही. मी हो म्हटलं होतं. पुढे मुलगा टायफॉइडमधून उठला, डॉक्टरांनी अंडी सांगितली, आणि मी टरफलं ओल्या कचऱ्याच्या डब्यात दडवू लागले.

मे महिन्यात एका दुपारी धुळीचं वारं सुटलं. अंगणातल्या डब्याचं झाकण धाडधाड उघडायला लागलं. चार पावलांवर मालकीणबाई चादरीवर बटाट्याचे वेफर्स वाळत घालत होत्या, आणि वारं त्यांच्याच दिशेनं होतं. मी झाकणावर वीट ठेवली, ती घसरून पडली. शेवटी मीच डब्यावर बसले.

"अरे बेन, तिथे कशाला बसलात?" त्या हसल्या. "उठा, आत काय आहे ते दाबून देते ने!"

त्या जवळ आल्या. खोटं सुचत होतं, पण तोंडातून निघेना.

"अंड्याची टरफलं आहेत," मी म्हटलं. "मुलासाठी. डॉक्टरांनी सांगितलीत."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी चादर चारी टोकांनी उचलली आणि आत जाऊन दार लावलं. सामान कुठे हलवायचं, याचा विचार करत मी तशीच बसून राहिले.

थोड्या वेळानं दार उघडलं. त्यांनी लांबूनच सुतळीचा गुंडा माझ्याकडे टाकला.

"घट्ट बांधा. आणि मुलगा बरा झाला की बंद हां!"

मी गाठीवर गाठ मारली.