खोबोरोस एजीचा बर्फ

खोबोरोस एजी लोकांच्या अंगणातल्या चवडीतला बर्फ चोरते, ही बातमी हिवाळा धड बसायच्या आत गावभर झाली. मी ती फक्त शेजारच्या घरापर्यंत पोचवली. पुढे ती आपल्या पायांनी गेली. पण बघणाऱ्यांची काय चूक? धुकं इतकं, की भर दुपारी घरचा कुत्रा स्वतःच्या मालकावर भुंकतो. अशात ही सत्तरीची बाई, सगळ्या गावाची एजी म्हणजे थोरली ताई, कुऱ्हाड घेऊन एकेकाच्या अंगणात शिरायची, बर्फाच्या लादीवर दांडा ठोकायची, कान लावायची आणि न बोलता निघून जायची.

खरं उलटंच होतं. चोरी तिच्या बर्फाची होत होती, आणि ती आपला माल शोधत हिंडत होती.

बर्फ ही काय चोरायची गोष्ट आहे, असं आमच्याकडे कुणी म्हणणार नाही. शरदात तळं गोठलं की करवतीनं लाद्या कापायच्या, अंगणात रचायच्या आणि वसंतापर्यंत त्याच लाद्या चुलीशी वितळवून प्यायच्या. एकदा वेळ चुकली की तळ्याचा बर्फ माणसाएवढा जाड होतो, मग करवत चालत नाही. चवड संपली म्हणजे चहा संपला, आणि चहा संपलेला माणूस आमच्यात गेल्यातच जमा.

एजीचं आयुष्य डेअरीत गेलं. कुणी दुधात पाणी घातलं ते ती जिभेवर थेंब ठेवून सांगायची. ती निवृत्त झाली, जीभ झाली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या सायीचाही आधी वास घ्यायची आणि मग यजमानाकडे बघायची. बर्फसुद्धा जवळच्या तळ्यातला नको. “तिथं गुरं पितात. तुम्ही प्या गुरांचं उष्टं,” म्हणून ती दरवर्षी लांबच्या तळ्यावर जायची. त्या निळ्याशार चवडीलाच मागून खिंडार पडत होतं.

“बाहिलाय,” ती एका दुपारी मला कुंपणावरून म्हणाली, “मागची रांग खचलीय.”

“वारा असेल, एजी.”

“या थंडीत वारा नसतो, एवढं तुलाही कळतं. आणि असला तरी तुझ्याच बाजूनं बरा खातो!”

“मी कशाला घेऊ? माझा आहे की ढीगभर.”

“तेच बघतेय मी. पितोस रोज, आणि कमी कसा होत नाही?”

हाच सवाल मी गावात तिच्याबद्दल केला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळलं आणि ते पाणी मागच्या रांगेवर ओतलं. पडता पडता गोठलं. मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं. मी पाहतोय हे तिनं पाहिलं. मग दोन-चार दिवसांनी ती घरोघर चहाला निघाली. दारात आलेल्याला न विचारता चहा द्यायचा ही आमची रीत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. एजी घोट घ्यायची, तोंडात घोळवायची आणि घरातल्या माणसांकडे एकेक करून बघायची. काही केलं नसलेल्यांनाही घाम फुटायचा. एका घरी म्हणे नवरा-बायको एकमेकांकडेच संशयानं बघायला लागले.

माझ्याकडे तिनं कप रिकामा करून ठेवला. “मीठ नाही.”

“चहात मीठ कशाला असेल, एजी?”

“नसणारच. तुला आधीच कळलं होतं ना.”

शेवटचं घर जोगुर भावोजींचं, म्हणजे तिच्या थोरल्या दिराचं. बायको गेलेली, मुलगी शहरात. शरदात ते तळ्यावर घसरून पडले. गुडघा असा दुखावला की चालता येई, करवत ओढता येत नसे. पण मदतीला गेलेल्यांना त्यांनी दारातूनच परतवलं होतं: “परगावच्या पुतण्यानं आणून दिलाय बर्फ.” अंगणात उंच चवडही दिसत होती. मी एजीच्या मागोमाग गेलो होतो, अर्थात तिच्या सोबतीसाठी. जाता जाता त्या चवडीला हात टेकला, तर वरचं हिम घसरलं आणि आत निघाली जळाऊ लाकडं.

आत चहा आला. पहिल्याच घोटाला माझे डोळे पाणावले. एवढा खारट चहा समुद्रालाही जमला नसता.

जोगुर भावोजींनी आपल्या कपात डोकावून पाहिलं. “तुम्हालाही लागतोय का? मला वाटलं, माझी जीभच गेली.”

मी एजीकडे बघत बसलो. आता फुटेल, मग फुटेल. तिनं कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

“जीभच गेली असेल, भावोजी,” ती म्हणाली. “वय झालं की होतं असं. घाला अजून अर्धा कप.”

म्हाताऱ्यानं कप काठोकाठ भरला. चहा बशीत सांडला. एजीनं बशीतलाही पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात घसरगाडीची दोरी दिली. पुढच्या रांगेतल्या, मीठ न लागलेल्या, आरशासारख्या लाद्या आम्ही भावोजींच्या अंगणात नेऊन रचल्या.

“कुणी विचारलं तर पुतण्यानं पाठवला म्हणायचं,” तिनं बजावलं. “तू सांगितलंस की संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक होईल. कधी नव्हे तो तुझा उपयोग आहे.”

मी सांगितलं, आणि गावानं मानलं. भावोजी आता मुलीकडे शहरात राहतात, नळाचं पाणी पितात, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

तिच्या स्वतःच्या अंगणात मात्र खारट रांग आणि थोड्याशा गोड्या लाद्या उरल्या होत्या. ती कुऱ्हाडीनं लाद्यांवरचं मीठ खरवडत बसली. एवढ्यावर वसंत गाठणं कठीण, हे कुणालाही दिसलं असतं. माझाही जीव द्रवला.

“एजी,” मी म्हणालो, “चोर सापडला, माझ्यावरचा डाग गेला. आता माझ्या चार लाद्या घ्या, हट्ट करू नका.”

तिनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि मला खालून वर न्याहाळलं.

“लाद्या देतोस? का रे? एकटा म्हातारा, तोही गुडघ्यानं अधू, एवढा बर्फ पीत नाही. बाकीचा कुठं गेला, ते आधी सांग.”